शेंदूरजनाघाटचा ४८६ आणि पंधरा पिनांचे दार

१/
आजचा धागा तळहातावर मावेल एवढ्या एका डब्याविषयी आहे. त्याच्या एका अंगाला पंधरा पिना आहेत आणि दुसऱ्या अंगाला चौकोनी भोक, आपल्या घरच्या राउटरला असते तसेच. वर दोन लहान दिवे आहेत. याला ट्रान्सीव्हर म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात शेंदूरजनाघाट येथे एक जुना संगणक या डब्याच्या आधाराने आजच्या नेटवर्कशी बोलला. तो बोलू शकला यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो बोलला नसता तर काय गमावले असते, हेही सांगायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम गावाविषयी. शेंदूरजनाघाट अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि संत्र्याच्या कलमांसाठी दूरदूरपर्यंत ओळखले जाते. जंबेरीचे बी पेरतात. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीला छेद देऊन आत नागपुरी संत्र्याचा डोळा बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. मुळे जंबेरीची राहतात, फळ संत्र्याचे येते. खाली राहणाऱ्या झाडाला खुंट म्हणतात. माझ्या मामांची येथे कलमांची नर्सरी होती.

३/
मामांचे हिशेब पूर्वी लाल कापडाच्या खतावण्यांत असत. एका पावसाळ्यात त्यांतल्या कित्येक वाळवीने खाल्ल्या. तेव्हा १९९७ साली मामांनी अमरावतीच्या एका लिलावातून कार्यालयात वापरलेला ४८६ जातीचा संगणक आणला. कलम कोणत्या तारखेला गेले, कोणाला, कोणत्या गावाला, खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळे कोणत्या मातृवृक्षावरून घेतले, पैसे रोख की उधार, हे सर्व ते त्यात भरू लागले. २००९ साली यंत्र बंद पडले आणि मामा पुन्हा वहीकडे वळले. तीन वर्षांपूर्वी मामा गेले. संगणक पोत्यांखाली राहिला.

४/
मला तो संगणक का हवा होता? माझा प्रबंध वरुड-मोर्शी भागातील संत्राबागांचा विस्तार आणि विहिरींचे आटत गेलेले पाणी यांवर आहे. संत्र्याखाली किती जमीन होती हे सरकारी कागद सांगतात. कोणत्या खुंटावरची झाडे कोणत्या गावात गेली, ती कोणी उधारीवर घेतली, हे ते सांगत नाहीत. ही माहिती नर्सरीवाल्यांच्या वह्यांत असते आणि नर्सरीवाल्यांच्या वह्या कोणी अभिलेखागारात ठेवत नाही.

५/
वऱ्हाडच्या अभ्यासकाला कागद शोधत हिंडण्याची सवय असते. १८५३ साली निजामाने हा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे आमचे दप्तर हैदराबाद, नागपूर आणि मुंबई असे विखुरलेले आहे. तरी तो कागद आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपी व्यवहारातून गेली, पण मोडी येणारा माणूस शेजारी बसला की दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही वाचता येतो. १९९७ ची खतावणी मात्र डोळ्यांना दिसतच नव्हती.

६/
मामींना ते यंत्र घराबाहेर काढायचे होते. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. त्या म्हणाल्या, “कायले जीव आटवतं वं बाई त्या डब्यापायी? घरात जागा अडवून बसलं हाय नुसतं.” मी आठ दिवस मागितले. “घे आठ दिवस,” त्या म्हणाल्या, “पण मग मले काही सांगू नोको.” नवव्या दिवशी तो संगणक वजनावर जाणार होता.

७/
पेटी उघडली तेव्हा आत पालीची अंडी आणि बोटभर धूळ होती. वीजपुरवठ्याचा भाग बदलावा लागला. मदरबोर्डवरची लहान बॅटरी संपल्यामुळे यंत्राला स्वतःच्या हार्डडिस्कचाही विसर पडला होता आणि घड्याळ १ जानेवारी १९८० दाखवत होते. सुदैवाने डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे छापलेले होते. ते हाताने भरले. तिसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर मामांनी बनवून घेतलेली मराठी यादी उमटली: कलम विक्री, उधारी, मजुरी. माहिती जिवंत होती. आता ती बाहेर काढायची होती.

८/
सोपे वाटणारे मार्ग एकेक करून बंद झाले. डिस्क काढून आजच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडू गेले, तर जोडणीच्या तुकड्याने ती ओळखलीच नाही. त्या काळच्या लहान डिस्कांना पत्ता सिलिंडर-हेड-सेक्टर अशा तीन आकड्यांत द्यावा लागे आणि आजचे बहुतेक तुकडे एका सलग क्रमांकाचीच भाषा जाणतात. सिरियल पोर्ट कधीतरी विजेच्या तडाख्यात जळलेला होता. फ्लॉपी ड्राइव्ह दुसरा मागून आणला. तो मी दिलेली फ्लॉपी वाचत होता, पण त्याने लिहिलेली फ्लॉपी दुसरीकडे कुठेही उघडत नव्हती. यंत्रात वस्तू नेता येत होती, आणता येत नव्हती.

९/
मग मदरबोर्डवरच्या खाचांकडे लक्ष गेले. तिथे एकमेकांशेजारी दोन कार्डे होती. एक जिस्ट कार्ड, म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचे भारतीय लिप्यांसाठीचे कार्ड. त्याच्याच बळावर मामा मराठीत लिहीत होते. दुसरे नेटवर्क कार्ड. मूळ कार्यालयात ते कामात असणार. मामांनी त्याला कधी हात लावला नव्हता. त्याच्या पाठीला धातूचे एक गोल तोंड होते आणि पंधरा छिद्रांची एक खिडकी. आजची केबल जिथे बसते ते चौकोनी भोक नव्हते. गावात, तालुक्यात, माझ्या माहितीतल्या कोणत्याही दुकानात त्या तोंडांत बसेल असे काही नव्हते. त्या कार्डाला अशी तोंडे का होती, हे कळण्यासाठी मागे जावे लागेल.

१०/
२२ मे १९७३. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ या तरुण अभियंत्याने एक टिपण लिहिले. एकाच इमारतीतले अनेक संगणक एका सामायिक केबलवर कसे बोलतील, याचा तो आराखडा होता. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे एकोणिसाव्या शतकात मानले जाई त्या सर्वव्यापी ‘ईथर’चे नाव त्याने केबलला दिले. १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगात त्या ईथरचा मागमूस लागला नव्हता आणि पुढे भौतिकशास्त्राने तो सोडून दिला. संगणकशास्त्रात मात्र त्याचे नाव टिकले. मेटकाफने सहकारी डेव्हिड बॉग्जबरोबर ही कल्पना प्रत्यक्षात आणली. पहिला वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता.

११/
मूळ प्रेरणा हवाई बेटांवरची होती. नॉर्मन अब्रामसन यांच्या पुढाकाराने तेथील विद्यापीठाने १९७१ साली अलोहा नावाचे जाळे उभारले होते. त्यात वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे एकाच रेडिओ लहरीवर बोलत. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचेही बोलणे वाया जाई आणि थोड्या वेळाने ते पुन्हा सांगावे लागे. मेटकाफने यात शिस्त आणली: बोलण्यापूर्वी ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा, तरीही टक्कर झाली तर गप्प व्हा आणि यदृच्छेने ठरणारा वेळ थांबून पुन्हा बोला. सभापती नसलेली सभा चालावी अशी ही रीत होती. कोणत्याही एका यंत्रावर सर्वांचा भार नव्हता.

१२/
१९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन १० मेगाबिट वेगाच्या ईथरनेटचे नियम प्रसिद्ध केले. १९८३ साली आयईईई या संस्थेने ते थोड्या फरकाने आपल्या ८०२.३ या मानकात घेतले. तेव्हाची केबल करंगळीएवढी जाड, बहुधा पिवळी आणि वळवायला अवघड होती. एक सलग तुकडा ५०० मीटरपर्यंत नेता येई. अशी केबल प्रत्येक मेजापर्यंत वाकवत नेणे शक्य नव्हते. म्हणून ती छतातून किंवा भिंतीतून जाई, तिच्यावर एक डबा घट्ट बसवत आणि त्या डब्यापासून संगणकापर्यंत पंधरा पिनांची वेगळी, लवचीक केबल येई. हाच तो ट्रान्सीव्हर.

१३/
या धाग्याचा गाभा इथे आहे. केबल जाड होती म्हणून काम दोघांत वाटले गेले. काय बोलायचे हे कार्ड ठरवी: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, मजकूर आणि तो शाबूत पोचला की नाही हे तपासण्याचा आकडा, असे एक पाकीट. लहानात लहान पाकीट ६४ बाइटचे, मोठ्यात मोठे १५१८ बाइटचे. ते कोणत्या तारेतून, कोणत्या विद्युत्-संकेतांत जायचे, हे ट्रान्सीव्हर पाही. दोघांच्या मधे पंधरा पिनांचे दार होते. तार बदलली तरी कार्ड बदलण्याची गरज नव्हती. डबा बदलला की पुरे. कलमात छेद खुंट आणि डोळा यांच्या मधे असतो, तसे हे दार.

१४/
मेटकाफने १९७९ साली थ्रीकॉम ही कंपनी काढली आणि १९८२ साली तिने आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ईथरनेट कार्ड बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे टोकन रिंग, त्याआधीचे आर्कनेट, असे स्पर्धक होते. पण ईथरनेटचे नियम खुले होते आणि कोणीही कार्ड बनवू शकत होता. नॉव्हेल कंपनीच्या एनई२००० या कार्डाच्या इतक्या नकला निघाल्या की ‘एनई२००० सुसंगत’ ही एक जातच झाली. मामांच्या यंत्रातले कार्ड त्याच जातीचे होते. नकलांची बाजारात कधी प्रतिष्ठा नसते, पण आज अशा कार्डाचा ड्रायव्हर सहज मिळतो, त्याचे श्रेय त्या नकलांनाच आहे.

१५/
गोल तोंडाचे कारणही आता सांगता येईल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पातळ, स्वस्त केबल आली. ती थेट कार्डाच्या गोल तोंडाला लागे आणि १८५ मीटरपर्यंत एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माळेसारखी जाई. माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टोपण लावावे लागे. ते निघाले किंवा मधला एखादा सांधा सैल झाला की साऱ्या खोलीचे काम थांबे. त्या काळात कार्यालयात काम केलेल्या वाचकांना मेजाखाली वाकून सांधे चाचपणारा माणूस आठवत असेल. म्हणून कार्ड बनवणारे दोन्ही सोयी देत: पातळ केबलसाठी गोल तोंड आणि बाकी सर्वांसाठी पंधरा छिद्रांची खिडकी.

१६/
आपल्याकडे हे कधी आले? १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, या संस्था होत्या. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली, तो या देशातल्या आंतरजालाच्या कहाणीचा आरंभ. १९८८-८९ साली केंद्राने जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत केला. त्यांत महाराष्ट्रातून निवड झाली ती आमच्या शेजारच्या वर्ध्याची. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. मामांचा संगणक या संधिकाळातला होता. एका खाचेत देवनागरी, शेजारच्या खाचेत ईथरनेट. दोन्ही नव्याने आलेल्या गोष्टी.

१७/
१९९० साली तिसरी तार आली: टेलिफोनच्या तारेसारखी पीळ दिलेल्या जोड्यांची, चौकोनी टोकाची. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार, १०० मीटरपर्यंत. एक तुटली तरी बाकीच्यांना धक्का नाही. आज आपण वापरतो ती हिचीच पुढची पिढी. त्या क्षणी जगभरची आधीची कार्डे निरुपयोगी ठरायला हवी होती. तसे झाले नाही, कारण पंधरा पिनांचे दार आधीपासून होते. ते दार आखणाऱ्यांना पीळदार तार ठाऊक नव्हती, तरी तिच्यासाठी जागा ठेवली गेली होती. बाजारात एका बाजूला पंधरा पिना आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी भोक असलेले लहान डबे आले. ॲपलने त्या दाराची आपली एक छोटी आवृत्ती काढली. कार्ड बसवायला जागाच नसलेल्या संगणकांसाठी झिरकॉम कंपनीने प्रिंटरच्या पोर्टला लावायचे, खिशात मावणारे अडॅप्टर विकले.

१८/
मला असा एक डबा हवा होता. मुंबईतल्या एका मैत्रिणीने लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस हिंडून तो शोधला आणि बसने पाठवला. सहाव्या दिवशी तो हाती आला. पंधरा पिनांच्या दाराची एक खोड तेव्हाच कळली. त्याला स्क्रू नसतात. एक सरकती पट्टी असते आणि ती जुनी झाली की डबा धरत नाही. माझा डबा दर दहा मिनिटांनी गळून पडत होता. शेवटी कलम बांधायची प्लॅस्टिकची पट्टी नर्सरीतून आणली आणि डोळा बांधतात तसा तो कार्डाला बांधून टाकला. मग सुटला नाही.

१९/
कार्डावर कोणते तोंड वापरायचे ते सांगणाऱ्या चिमुकल्या पिना होत्या; त्या गोल तोंडावरून खिडकीकडे फिरवल्या. डब्यातून केबल घेतली आणि मामींच्या घरच्या फायबर राउटरला लावली. राउटर एका सेकंदात हजार मेगाबिट बोलणारा, हे कार्ड दहा बोलणारे. दोघांचे जमेल का? डब्यावरचा हिरवा दिवा लागला. कोणतेही बटण न दाबता, काहीही न भरता लागला. असे का झाले, ते सांगण्यासारखे आहे.

२०/
१९९० च्या नियमानुसार तारेवर कोणी बोलत नसले तरी दोन्ही टोके साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक ठोका देत राहतात: मी इथे आहे. १९९५ साली १०० मेगाबिटचे ईथरनेट आले, तेव्हा नव्या यंत्रांना एकमेकांना आपापले वेग सांगण्याची गरज पडली. नियम करणाऱ्यांनी नवी भाषा शोधली नाही. जुना एक ठोका जिथे पडायचा, तिथेच ठोक्यांचा एक छोटा पुंजका ठेवला. नवे यंत्र त्या पुंजक्यातून वेग वाचते. जुन्याला तो आपल्या ओळखीचा ठोकाच वाटतो. आणि समोरून पुंजक्याऐवजी एकटा ठोका आला, तर नवे यंत्र ओळखते की समोर म्हातारे कोणी आहे, आणि आपला वेग दहावर आणते. मामींच्या राउटरने तेच केले.

२१/
दिवा लागला तरी बोलणे राहिले होते. जुन्या कार्यालयात हे कार्ड नॉव्हेलच्या नियमांनी बोले, आजचे जग टीसीपी/आयपीच्या नियमांनी बोलते. पण पाकीट तेच असल्यामुळे आतली भाषा बदलता येत होती. मायकेल ब्रुटमन नावाचा अमेरिकी प्रोग्रामर एमटीसीपी हा डॉसवर चालणारा आज्ञावली-संच सांभाळतो आणि फुकट देतो. तो संच आणि कार्डाचा छोटा ड्रायव्हर एका फ्लॉपीवर मावले. आत नेण्याचा मार्ग तेवढा चालू होताच. राउटरने त्या यंत्राला मोबाइलला द्यावा तसा एक पत्ता दिला. मी माझ्या लॅपटॉपवरून हाक दिली आणि उत्तर आले.

२२/
२१० मेगाबाइटची सगळी डिस्क बाहेर यायला पाऊण तास लागला. फ्लॉपीने काढायची असती तर १४६ फेऱ्या झाल्या असत्या. माहिती केबलमधून राउटरपर्यंत आली आणि तिथून वायफायने, म्हणजे पुन्हा हवेतून, माझ्याकडे. अलोहाच्या रेडिओपासून निघालेली कल्पना तारेत शिरून परत हवेत आली, असे तेव्हा मनात येऊन गेले. पण खरे सांगायचे तर त्या पाऊण तासात माझे लक्ष फक्त डब्यावर होते. वीज गेली असती तर डिस्क पुन्हा फिरेल याचा भरवसा नव्हता. सातवा दिवस होता.

२३/
लॅपटॉपवर फाइल उघडली तर मराठीच्या जागी चिन्हांचा चिखल. जिस्ट कार्ड अक्षरे इस्की या संकेतात ठेवी. १९९१ साली ते भारतीय मानक झाले. आज आपण युनिकोड वापरतो. पण युनिकोडमधला देवनागरीचा भाग मुळात इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरच बेतलेला आहे. त्यामुळे जवळपास अक्षराला अक्षर लावत जाणारी छोटी आज्ञावली पुरली. इथेही तीच गोष्ट: पुढच्या लोकांनी मागच्यांची मांडणी मोडली नव्हती. रात्री साडेअकराला पहिली ओळ वाचता आली. गावाचे नाव, माणसाचे नाव, कलमांची संख्या, खुंट जंबेरी, उधार.

२४/
त्या नोंदींतून खुंटांविषयी आणि गावांविषयी जे निघाले ते प्रबंधात येईल. इथे वेगळे सांगायचे आहे. उधारीच्या यादीत शेवटचा रकाना ‘शेरा’ असा होता. पाणी आटून बागा वाळल्या त्या वर्षीच्या नोंदींपुढे मामांनी एकामागून एक तोच शेरा लिहिला होता: बाग वाळली. मागायचे नाही. अशी कित्येक नावे होती. मामांनी हे घरात कोणाला सांगितले नव्हते.

२५/
सकाळी मी मामींना ती यादी वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मले वाटे, लोकाईनं याइचे पैसे बुडवले.” यादीतले एक घर आमच्याच आळीतले होते. त्या घरी मामी कितीतरी वर्षे हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. ते लोक रस्त्यात भेटले की मामी मान वळवत, आणि त्यांना त्याचे कारण बहुधा ठाऊकही नव्हते. मामांनी बाकी सोडली होती. घराने ती मनात चालू ठेवली होती.

२६/
अभ्यासक म्हणून इथे एक प्रश्न उभा राहतो. ही नावे माझी नाहीत. प्रबंधात मी गाव, वर्ष आणि खुंट एवढेच घेणार आहे. व्यक्तींची नावे आणि शेरे मामींच्या ताब्यात राहतील. त्यांनी यादीची छापील प्रत मागितली. ती कपाटात, मामांच्या फोटोमागे आहे. कागदावर. मागच्या संक्रांतीला मामी त्या घरी वाण घेऊन गेल्या. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

२७/
संगणक भंगारात गेला नाही, पण त्याला आता महत्त्वही नाही. महत्त्व त्या दाराला आहे. यंत्रे मरतात, तारा बदलतात. जे टिकले ते असे: पाकिटाचा आकार कोणी मोडला नाही, पुढच्याने मागच्याचा ठोका ओळखायचे सोडले नाही आणि बदलणाऱ्या भागाच्या व न बदलणाऱ्या भागाच्या मधे एक दार मोकळे ठेवले गेले. हे आपोआप झाले नाही. मानकांच्या बैठकांत बसलेल्या माणसांनी, जुन्या यंत्रांचा भार नको म्हणणे सोपे असताना, तो घेतला.

२८/
हे दार कायम उघडे राहील असेही नाही. अडीच आणि दहा गिगाबिटच्या काही नव्या पोर्टांनी १० मेगाबिटचा वेग सोडून दिला आहे. जुना ठोका त्यांना ऐकू येत नाही. आज मधे एखादा साधा, स्वस्त स्विच ठेवून काम भागते. बाजारातून असे स्विच आणि पंधरा पिनांचे डबे संपतील, तेव्हा १९८५ ते २००० या काळातल्या पतसंस्था, जिनिंग, दवाखाने, नर्सऱ्या यांच्या नोंदी एकेक करून मुक्या होतील. सरकारी दप्तराचे कोणीतरी पाहील. लहान माणसांच्या हिशेबांचे कोण पाहणार?

२९/
म्हणून एक विनंती. आपल्या घरी, दुकानात, संस्थेत असा जुना संगणक असेल तर तो वजनावर देण्यापूर्वी त्याची पाठ पाहा. गोल तोंड किंवा पंधरा छिद्रांची खिडकी दिसली तर आतले अजून बाहेर येऊ शकते. यंत्र घाईने चालू करू नका. आधी धूळ काढा, डिस्कवरचे आकडे लिहून ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि आत काय निघेल याची मनाची तयारी ठेवा. आम्ही खुंटांची नोंद शोधत होतो. सापडली ती मामांनी सोडलेली बाकी.

३०/
धागा इथे संपतो. कोणाजवळ असे डबे पडून असतील तर टाकू नका, कळवा. माझा डबा अजून शेंदूरजनाघाटातच आहे, कलमाची पट्टी बांधलेला. वरुड-मोर्शीच्या आणखी दोन नर्सऱ्यांत तसेच संगणक असल्याचे कळले आहे. संत्र्याचा मृग बहार संपला की तिकडे जाणार आहे.